मधल्या घराचा पत्ता

दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी बायला फोन करतो. बाय म्हणजे माझी थोरली बहीण. पळस्प्याच्या पुढे आमचं गाव आहे, तिथल्या घरात ती एकटी राहते. लग्नानंतर थोड्याच वर्षांत मेहुणे गेले, मूलबाळ नव्हतं. ती माहेरी परत आली आणि आई-वडिलांचं शेवटपर्यंत तिनंच केलं. मी नवीन पनवेलला फ्लॅट घेतला. तिला इकडे चल म्हणून किती वेळा सांगितलं असेल. "तिकडं येऊन काय करू? लिफ्टची वाट बघत उभी राहू?" असं विचारून ती विषय संपवायची.

शिमगा जवळ आला होता, तेव्हाची गोष्ट. मी कळंबोलीच्या ऑफिसात डबा उघडून बसलो होतो. फोन लागल्या लागल्या बायच बोलली.

"तुझा त्यो माणूस भला हाय रं."

"कुठला माणूस?"

"तुझ्या ऑफिसातला. सकाली फोन केलान. लय गोड बोलतो."

"काय म्हणाला?"

"गुडघं कसं हायत इचारलान. शेकाचा टावेल नीट पिलून घ्या बोलला, नायतर पाय भाजंल. आन् बोलला, मावशी, कपाटाची चावी गादीखाली नका ठेवू. चोराचा हात पयला तिथंच जातो."

माझ्या ऑफिसात बायच्या गुडघ्यांविषयी कोणाला काही माहीत नाही. बहिणीची विचारपूस करावी इतकी कोणाशी माझी जवळीकही नाही. पण माझ्या हातातला घास हातातच राहिला तो त्या चावीमुळे. बाय चावी गादीखाली ठेवते हे मला ठाऊक होतं. तिनं मला ते कधी सांगितलं नव्हतं. मी ते कॅमेऱ्यात पाहिलं होतं.

हे आता सगळं नीट सांगायला हवं.

आमच्या घराण्याचा गणपती गावच्या घरी बसतो. पूर्वी सगळे यायचे, मधल्या घरात, म्हणजे माजघरात, पाय ठेवायला जागा नसायची. आता कोणी आखातात आहे, कोणी बोटीवर, कोणी पुण्याला. मागच्या वर्षी घराण्याच्या ग्रुपवर दर्शनाची मागणी सुरू झाली. घरात कॉम्प्युटरचं कळणारा म्हणून माझं नाव आहे. खरं तर ऑफिसात कंटेनरचे कागद भरण्यापलीकडे मी फार काही करत नाही, पण घरात प्रिंटर अडला की मला बोलावतात, आणि मला ते आवडतं.

मी एक कॅमेरा आणला, आवाजही ऐकू येतो असा, आणि मधल्या घरात गणपतीसमोरच्या भिंतीवर उंच लावला. त्याचं ॲप होतं. ते प्रत्येकानं उतरवायचं, स्वतःचं खातं उघडायचं, मग मी परवानगी द्यायची. पहिल्याच दिवशी डोंबिवलीच्या काकू पासवर्ड विसरल्या. बोटीवरच्या भावाकडे ॲप उघडेना. मग मी व्हिडिओ बघून दुसरा रस्ता शोधला.

प्रत्येक इंटरनेट जोडणीला बाहेरच्या जगात एक पत्ता असतो. आकड्यांचे चार गट, मध्ये टिंबं. आपण तो कधी बघत नाही, कारण आपण नावं लिहितो आणि नावामागचे आकडे यंत्रं शोधतात. घरातल्या प्रत्येक उपकरणालाही वेगळे आकडे असतात, पण ते घरापुरतेच. आम्ही घरात 'मधलं घर' म्हणतो, ते काय हे रस्त्यावरच्याला कळायचं कारण नाही, तसंच. या दोन्हींच्या मध्ये राउटर बसलेला असतो, उंबऱ्यासारखा. मी त्या उंबऱ्यात वाट पाडली. बाहेरचे आकडे टाकले की सरळ मधल्या घरातला कॅमेरा उघडेल असं केलं.

बाहेरचे आकडे अधूनमधून बदलतात, म्हणून गावच्या केबलवाल्याकडे कायमचा नंबर मागितला. तो म्हणाला, "कशाला पायजे तुमाला? आमचं कोनीच नाय मागत. सगळी ॲपावरच बघतात."

"ॲपात कटकट आहे."

"मग घ्या बाबा."

पासवर्ड सगळे चुकीचा टाकत होते, म्हणून पासवर्डही काढून टाकला. आणि ते आकडे ग्रुपवर लिहिले. आखातातल्या चुलतभावानं त्याला लगेच 'बाप्पाचा डायरेक्ट नंबर' असं नाव दिलं. आरतीच्या वेळी सगळे एकदम बघत होते. काकूंनी मला फोन करून आशीर्वाद दिला. माझ्या बायकोनं मात्र तेव्हाच विचारलं होतं, "इतकी वर्षं फोन वापरतोय आपण, हे आकडे कधी लागले नाहीत. आता कशाला?" मी तिला म्हणालो होतो, आपलं यंत्र कुठल्या पत्त्यावर राहतं हे माणसाला कळायला नको का? असली वाक्यं मी तेव्हा फार बोलायचो.

विसर्जन झालं. कॅमेरा काढायचा राहिला. राहिला म्हणतो ते खोटं आहे. मी तो ठेवला. गुडघ्यांमुळे बायनं आपली खाट मधल्या घरात आणली होती, आणि ऑफिसात बसल्या बसल्या ती मला दिसायची. तांदूळ निवडताना, शेक घेताना, दुपारी कलंडलेली. ती पडली तर कळेल असं मी मनाला सांगायचो. रविवारी गेलो नाही तरी गेल्यासारखं वाटायचं, हेही त्यात होतं. बायला वाटत होतं, गणपतीचा कॅमेरा गणपतीबरोबर बंद झाला. मी तिला काही सांगितलं नाही.

त्या दुपारी मी डबा बाजूला सारला आणि ऑफिसच्या कॉम्प्युटरवर कॅमेऱ्याचं पान उघडलं. बाय खाटेवर बसली होती, लुगडं गुडघ्यावर घेऊन, शेजारी पाण्याचं पातेलं. तिच्यामागे भिंतीवर मोठ्या अक्षरांत तिचा स्वतःचा फोन नंबर होता. कोणी मागितला तर तिला तो सांगता येत नसे, म्हणून चष्म्याशिवाय दिसेल अशा जाड मार्करनं मीच लिहून ठेवला होता.

म्हणजे त्यानं नंबर तिथून वाचला. ती फोनवर माझ्याशी बोलते ते ऐकून भाऊ ऑफिसात असतो हे त्याला कळलं. बाकी तो बघतच होता.

त्या पानावर एक कोपरा आहे, आत्ता कोण कोण जोडलेलं आहे ते दाखवणारा. मी तिथे कधी गेलो नव्हतो. तिथे दोन पत्ते होते. एक माझ्या ऑफिसचा. दुसरा मला ओळखू येईना. नुसते आकडे. मी ते पुन्हा पुन्हा वाचत होतो, जणू वाचता वाचता त्यातून एखादा चेहरा दिसेल.

वाटलं, कोणी घरचाच असेल, काकू असतील. आणि मी ग्रुपवर लिहिलं, बाप्पाचा कॅमेरा आत्ता कोण बघतंय?

चुलतभावाचं उत्तर आलं, "बाप्पा परत आला काय?"

काकूंनी हात जोडले.

एका चुलत बहिणीच्या जावयानं लिहिलं, "मी तेव्हा आमच्या मंडळाच्या ग्रुपवर टाकला होता. अजून चालतो का तो?"

आणखी एकानं लिहिलं, "मीही सासुरवाडीला पाठवलेला."

मी पानाकडे वळून पाहिलं, तर तिथे दोनाचे पाच झाले होते. मग आठ. मी विचारल्यामुळे सगळे उघडून बघत होते. तो अनोळखी पत्ता माझ्याच नातेवाइकांच्या पत्त्यांमध्ये मिसळून गेला आणि तो कितवा होता हे मला आठवेना. ग्रुपवर कोणीतरी लिहिलं, "बाय किती वाळली रे."

माझी बहीण उघड्या गुडघ्यांवर टॉवेल ठेवून बसली होती आणि घराणं तिला बघत होतं. त्यात एक घराण्यातला नव्हता.

कॅमेरा तिथून बंद करणं एका बटणाचं काम होतं. माझं बोट त्या बटणावर होतं. पण बंद केला तर मलाही दिसणार नाही. तो माणूस चावीविषयी बोलला आहे. तो जर गावाच्या वाटेवर असेल तर? मी आंधळा कसा होऊ? पण चालू ठेवला, तर मी बघेन तेवढंच तोही बघणार. मला ठरवता येईना. साहेबांना घरी काम आहे एवढंच सांगून मी खाली आलो, रिक्षा केली आणि फोनवर तेच पान उघडून बसलो.

तिला फोन करून सांगायला हवं होतं. पण काय सांगणार? कॅमेऱ्यावर काहीतरी टाक म्हणालो, तर पहिला प्रश्न येणार, तुला कसं ठाऊक तो चालू आहे? त्या भीतीतही मी स्वतःला वाचवत होतो. शिवाय कॅमेऱ्याला कान होते. ती फोनवर माझं वाक्य परत म्हणून दाखवते, ही तिची सवय आहे. मी शेजारी जा म्हटलं की ती मोठ्यानं म्हणणार, शेजारी जाऊ? आणि ते त्यालाही ऐकू जाणार.

पळस्प्याला ट्रेलर अडकले होते. गोव्याकडे वळणारे आणि पुण्याकडे जाणारे एकमेकांत घुसून उभे होते. रिक्षावाल्यानं आरशातून पाहिलं.

"मॅच हाय का?"

"नाही."

"मंग एवढं डोलं फाडून काय बघताय?"

पडद्यावर बाय उठली होती. पातेलं घेऊन ती कडेला गेली आणि चौकटीबाहेर नाहीशी झाली. रिकामी खाट दिसत होती. मग आवाज आला. दाराची कडी. आणि पुरुषाचा आवाज, "मावशी."

मी फोन लावला. रिंग मला दोनदा ऐकू येत होती, एकदा कानात आणि एकदा कॅमेऱ्यातून, किंचित मागे राहिलेली. तिनं उचलला.

"थांब जरा, माणूस आयलाय."

"उघडू नकोस दार."

"उघडलाय कवाच. गॅसवाला हाय. का रं?"

"ओळखीचा आहे?"

"त्याच्या बापाला वलखते मी. झालंय काय तुला?"

मी रिक्षात पुढे वाकून बसलो होतो, कपाळ समोरच्या दांड्याला टेकलं होतं. आता गॅसवाला तिथे आहे, ती एकटी नाही, बोलायचं तर आत्ताच, एवढं सुचलं.

"बाय, तो सकाळचा माणूस माझ्या ऑफिसातला नाही. तो तुला कॅमेऱ्यातून बघतो."

"कंचा कॅमेरा?"

"गणपतीचा."

"त्यो बंद झाला."

"नाही झाला."

पडद्यावर ती परत मधल्या घरात आली. फोन कानाला लावून. तिनं मान वर केली. इतके महिने मी तिला वरून, बाजूनं, पाठमोरी पाहिलं होतं. आता तिनं सरळ माझ्याकडे पाहिलं. माझ्याकडे आणि अजून जे कोणी होते त्यांच्याकडे.

"तू मना बघतोस?"

"हो."

"आता?"

"हो."

तिनं खाटेवरचा टॉवेल उचलून कॅमेऱ्याकडे फेकला. तो पोचला नाही. तिनं पुन्हा फेकला. मग ती वळून गॅसवाल्याला काहीतरी म्हणाली. तो आत आला, सिलिंडर भिंतीशी टेकवला आणि स्टुलावर चढला. त्याचा पंजा मोठा होत होत पडदाभर झाला आणि चित्र तिथेच थिजलं.

मी पोचलो तेव्हा गॅसवाला गेला होता. बाय ओल्या फडक्यानं भिंतीवरचा नंबर पुसत होती. मार्कर जात नव्हता, नुसता पसरत होता. मी फडकं घ्यायला हात पुढे केला.

"राहू दे," ती म्हणाली.

मी राउटरचं पान उघडलं. उंबऱ्यातली ती वाट बुजवली. कॅमेरा पिशवीत टाकला. हे सगळं करताना ती माझ्याकडे पाठ करून उभी होती. मग तिनं विचारलं, "कवापासून?"

"गणपतीपासून."

तिनं हिशेब केला असावा. दिवाळी, थंडी, मेहुण्यांच्या श्राद्धाची तिथी. त्या दिवशी ती भिंतीकडे तोंड करून बराच वेळ बसली होती. मी तेही पाहिलं होतं आणि संध्याकाळी फोनवर काही माहीत नसल्यासारखं बोललो होतो.

"मी या खोलीत लुगडं बदलते," बाय म्हणाली.

एवढंच. ती रडली नाही की रागावली नाही. मी खाली बसलो. ती लुगडं बदलायला लागली की मी चित्र बाजूला सारायचो असं मला सांगायचं होतं. ते खरंही आहे. पण मी सारलं म्हणून दुसऱ्यानं सारलं असेल, हे कोणत्या तोंडानं म्हणायचं?

दुसऱ्या दिवशी पोलिसांत अर्ज दिला. तिथल्या माणसानं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, बघणाऱ्याचा पत्ता लिहून ठेवलात का, ते आकडे? नव्हते ठेवले. फोटोही काढला नव्हता. कॅमेरा बंद झाला आणि ती यादी गेली. घराचे आकडे मी सगळ्या जगाला वाटले आणि जे आकडे लिहून ठेवायला हवे होते ते नुसते वाचत बसलो. बायला ज्या नंबरवरून फोन आला होता तो मात्र दिला. तो तेव्हापासून बंद आहे.

ग्रुपवर मी सगळं लिहिलं. काही तासांनी काकूंनी लिहिलं, काळजी घ्या. चुलतभावानं मला वेगळा निरोप पाठवला, "दादा, मी उघडला होता रे त्या दिवशी. सॉरी."

बायको तेव्हापासून तो विषय काढत नाही. मीच काढतो. तिला एकदा विचारलं, "माणसाला हे आकडे कळायला हवेत की नकोत, तुला काय वाटतं?" ती भाजी चिरत होती. म्हणाली, "मला गॅसची नळी कशी बनते ते कळत नाही. पण ती मी कापत नाही."

तिचं बरोबर आहे, पण पूर्ण नाही. ज्यांनी ते आकडे आपल्यापासून लपवले, नावांच्या आणि ॲपांच्या मागे ठेवले, त्यांनी आपल्यावर उपकारच केले, असं मला आता वाटतं. रोजच्या माणसाला त्यांची गरज नसते. मलाही नव्हती. काकूंना नवं खातं उघडून द्यायला मला थोडा वेळ लागला असता, तेवढंच. पण लपवल्यामुळे असंही होतं, की आपल्या घराला बाहेर उघडणारं असं एक तोंड आहे हे आपल्याला खरं वाटत नाही. पत्ता म्हटलं की आपल्याला गल्ली, झाड, ओळखीचा दुकानदार आठवतो. परका माणूस गल्लीत आला तर कोणीतरी त्याला विचारतं, कोणाकडे जायचंय? त्या आकड्यांवर कोण आला हे कोणी विचारत नाही. काकू आणि तो, दोघांना एकसारखंच दार उघडतं. मला आकडे लिहिता येत होते. त्या पत्त्यावर माझी बहीण राहते, हे माझ्या ध्यानात नव्हतं.

बायला नवा नंबर घेऊन दिला. तिनं खाट आतल्या खोलीत नेली, शेजाऱ्याला बोलावून. मला नाही सांगितलं. कपाटाची चावी आता कुठे असते मला माहीत नाही. इकडे राहायला चल, असं मी पुन्हा म्हटलं, तेव्हा ती म्हणाली, "तुझ्या घरात किती हायत, कॅमेरं?"

भीती जात नाही. तो माणूस कोण, कुठला, अजून काही कळलेलं नाही. कदाचित तो हजार मैलांवर बसून असली दहा घरं बघत असेल आणि आमचं बंद झाल्यावर दुसरीकडे वळला असेल. कदाचित जावयाच्या मंडळातला असेल, पळस्प्याला चहा पीत असेल. फोनवर बाय गावाचं नाव किती वेळा घ्यायची ते मी आठवत बसतो. ऑफिसात कोणी अनोळखी माणूस गोड बोलला की मी आधी विचारतो, कोणाकडे आलात?

मागच्या आठवड्यात तिनं फोन उचलला नाही. पुन्हा केला, पुन्हा नाही. पूर्वी मी पान उघडून पाहिलं असतं. आता पाहण्यासारखं काही नव्हतं. मी रिक्षा केली. पळस्प्याला पोचेपर्यंत मी सतत फोन लावत होतो.

घराचं दार बंद होतं. आमच्या घराचं दार दिवसा बंद नसायचं. मी कडी वाजवली.

"कोन?" आतून आवाज आला. बरी होती.

"मी."

"मी म्हंजे कोन?"

साठ पावलांवरून ती माझा खोकला ओळखते. मी माझं नाव सांगितलं, त्यामागे वडिलांचं नाव, आणि दाराबाहेर उभा राहिलो.